मे महिन्यातला आठवडा

"तूच विकणारी, तूच वाचून सांग," म्हणत जयंतीअक्कांनी फाइल जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि पंख्याखालची खुर्ची ओढून घेतली.

विद्युलताने ओले हात पुसत फाइलकडे पाहिलं. फाइल तिचीच होती. नीट वाचा, कुणाला तरी दाखवा, मग ठरवा, असं बजावून तिनेच ती समोरच्या फ्लॅटमध्ये नेऊन दिली होती.

"अक्का, असं करत नाहीत. विकणाऱ्याने कसं सांगायचं? एखाद्या वकिलाला दाखवा. नाहीतर श्रीदेवीच्या मिस्टरांना."

"जावयाला? जावयाला दाखवायचं म्हणून तर घेतोय. त्यालाच आधी कसं दाखवू?" अक्का हसल्या. "आणि वकील कशाला? तो इंग्लिश वाचणार, तमिळमधे सांगणार, आणि आमचे हे 'सरी, सरी' म्हणत मान हलवणार. तू आपल्या भाषेत सांग. अस्कं सांग. काही सोडू नको."

अस्कं म्हणजे सगळं, हे विद्युलताला इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. चार वर्षांपूर्वी रत्नाकरला शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि सांगलीहून उचललेला संसार चेन्नईत वेलचेरीच्या या इमारतीत येऊन पडला. लिफ्टमध्ये ती आईशी फोनवर बोलत होती. शेजारी उभ्या असलेल्या, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या घातलेल्या वयस्कर बाईंनी तिचं बोलणं संपायचीही वाट पाहिली नाही. "तू मराठी की काय?" त्यांनी विचारलं, आणि लिफ्ट खाली येऊन थांबली तरी दोघी आतच उभ्या राहिल्या. अक्कांचे पूर्वज तंजावरला कधी गेले ते अक्कांनाही धड सांगता येत नव्हतं. त्यांच्या मराठीतले काही शब्द विद्युलताने फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिले होते, आणि काही सरळ तमिळ होते. अक्कांच्या मुलीला मराठी समजायची, पण बोलायची ती तमिळच. नातवंडांना तेवढंही येत नव्हतं.

तेव्हापासून दोघींचा एक व्यवहार चालू झाला. अक्का विद्युलताशी मनसोक्त मराठी बोलत आणि तिच्या मोडक्या तमिळवर हसत. "अय्यो, त्या म्हाताऱ्या भाजीवाल्याला काय 'वा' म्हणतेस! 'वा' म्हणजे 'ये रे'. 'वांगो' म्हण, 'या हो'!" पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसत की भाजीवालाही हसायला लागे.

आता त्या पंख्याखाली बसून वाट पाहत होत्या. मागोमाग त्यांचे यजमान, बालाजीराव, आले. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झाल्याने त्यांच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा यांना," विद्युलता म्हणाली.

"मी काय सांगू? मला सध्या तू सुद्धा दोन दिसतेस," बालाजीराव बसता बसता म्हणाले. "दोघी मिळून वाचा."

विद्युलताला हसू आलं. तिने फाइल उघडली.

गिंडीच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत ती तपासनीस होती. बाटलीवरचं लेबल जरा तिरकं असलं तरी ती माल परत पाठवायची. अशा बाईने कोडाईकनालचा हा टाइमशेअर विकत घेतला होता, याची तिला स्वतःलाच लाज वाटे. पेट्रोल पंपावर कूपन भरलं, फोन आला, भेटवस्तू घ्यायला म्हणून एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोघं गेली. टाय लावलेल्या एका मुलाने धुक्याचे फोटो दाखवले. सूप आणि आइस्क्रीम यांच्यामध्ये केव्हातरी तिने एकही पान न वाचता सही केली. दरवर्षी एक आठवडा, पंचवीस वर्षं. त्यातला एकच आठवडा त्यांनी वापरला. नंतर प्रत्येक मे महिन्यात रत्नाकरचं काहीतरी काम अमेरिकेत सुरू व्हायचं असे. देखभालीचं बिल मात्र न चुकता यायचं. ती फाइल तिने माळ्यावर ब्लँकेटांच्या मागे ढकलून दिली होती. ती घरातून जावी एवढीच तिची इच्छा होती.

आणि अक्कांना नेमकी तीच हवी होती. त्यांचा फ्लॅट एका खोलीचा, गच्चीच्या खालचा. मेमध्ये भिंती रात्रीही तापलेल्या आणि पाण्याचा टँकर येईल तेव्हा. जावई पहिल्या वर्षी दोन दिवस राहिला, मग दरवर्षी त्याला काम निघू लागलं, आणि नातवंडं सिकंदराबादहून परस्पर कोइम्बतूरला बापाकडच्या आजीकडे जाऊ लागली. "तिकडे एसी आहे," अक्का सांगत, आणि विषय बदलत. शाळेला सुट्टी मेमध्येच. एकदा बोलता बोलता विद्युलताच्या तोंडून कोडाईकनाल निघालं, तेव्हा अक्कांनी हातातली शेंग सोलायची थांबवली होती.

"हा मूळ करार," विद्युलता म्हणाली. "यात पहिली गोष्ट अशी, की खोली आपल्या मालकीची होत नाही. वर्षातला एक आठवडा ती वापरायचा हक्क, तेवढाच आपला."

"आठवडा विकत घ्यायचा?" अक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"बर्थ रिझर्व्हेशन," बालाजीराव म्हणाले. "बर्थ माझा, गाडी सरकारची. कळलं की नाही?"

"कळलं. पुढे."

"हक्क पंचवीस वर्षांचा होता, त्यातली गेलेली वर्षं वजा करायची. देखभालीचं बिल दरवर्षी भरायचं, गेलात तरी आणि नाही गेलात तरी. ते वाढू शकतं, हे इथे लिहिलंय. आमच्याकडे काही बाकी नाही, हे कंपनीचं पत्र. आणि हे महत्त्वाचं: आपण स्टँप पेपरवर सह्या केल्या म्हणजे झालं असं नाही. कंपनीने आपल्या वहीत तुमचं नाव चढवलं की मगच तुम्ही सभासद. त्यासाठी हा हस्तांतराचा फॉर्म."

तिला बरं वाटत होतं. एकेक कलम ती प्रयोगशाळेतल्यासारखं तपासत होती. तारखा जुळतात का, सभासद क्रमांक सगळीकडे एकच आहे का, नावांची स्पेलिंग. रत्नाकरने हे इतकं सांगितलं नसतं, असंही तिला वाटून गेलं.

मग तिने हस्तांतराचा फॉर्म उलटला. तो त्याच आठवड्यात कुरिअरने आला होता आणि तिने तो न पाहताच फाइलला लावला होता. मागच्या बाजूला करड्या शाईत, बारीक अक्षरात नियम होते. ती मनातल्या मनात वाचत खाली आली. एका नियमापाशी तिची नजर थांबली. तिने तो पुन्हा वाचला.

हस्तांतराने सभासद झालेल्या व्यक्तीला हंगामाचा अग्रहक्क राहणार नाही. लाल हंगामातल्या खोल्या आधी मूळ सभासदांना देण्यात येतील, आणि त्यानंतर काही उरल्यास हस्तांतरित सभासदांचा विचार करण्यात येईल.

इंग्लिश अवघड नव्हतं. एकदा वाचूनच ते कळलं होतं.

"काय गं, थांबलीस का?" अक्कांनी विचारलं. "ते बारीक बारीक अस्कं नको आता. माझं एवढंच सांग. मे महिन्यात मिळेल ना?"

विद्युलताने फॉर्म पुन्हा सरळ केला. हात आपोआप फाइलमधल्या स्वतःच्या सभासदत्वाच्या मूळ प्रमाणपत्राकडे गेला.

"हे बघा," ती म्हणाली. "इथे लाल हंगाम लिहिलंय."

"लाल म्हणजे?"

"एप्रिल, मे, आणि नाताळ."

"पाहिलंत?" अक्का नवऱ्याला म्हणाल्या. "मे."

"आमच्याकडे लाल म्हणजे गाडी थांबवायची," बालाजीराव म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन उठले. अक्कांनी जाता जाता विद्युलताच्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली.

दार लागल्यावर ती तशीच बसून राहिली. आपण बोललेला प्रत्येक शब्द तिने तपासून पाहिला. त्यात चुकीचा एकही नव्हता.

जेवताना तिने रत्नाकरला सांगितलं. त्याने ताटातून मान वर केली नाही.

"तू खोटं बोललीस का?"

"नाही."

"कागद लपवलास?"

"नाही. त्यांच्याच फाइलमध्ये आहे."

"मग?"

"त्यांनी मला मे विचारलं, रत्नाकर. आणि मी लाल सांगितलं."

"अगं, उरतील की खोल्या. एवढं मोठं रिसॉर्ट आहे." त्याने ताक वाढून घेतलं. "आणि आपल्याला त्या हॉटेलात कुणी वाचून दाखवलं होतं? तू निदान अर्ध्याहून जास्त सांगितलंस. बाजारात कुणी एवढंही सांगत नाही."

"त्या बाजारात आल्या नव्हत्या. माझ्याकडे आल्या होत्या."

"मग जा आणि सांग," तो सहज म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं, की जाऊन सांगणं ही साधी गोष्ट आहे. "पण मग ती फाइल पुन्हा माळ्यावर टाकायची, आणि वर्षाला बिल आलं की माझ्याकडे बघायचं नाही."

उद्या सह्यांच्या आधी सांगू, असं तिने ठरवलं.

रविवारी दुपारी सह्या अक्कांच्या घरी होत्या. साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे राममूर्ती आले होते. सोसायटीचे सेक्रेटरी असल्याने सगळ्या इमारतीच्या कागदांवर साक्ष त्यांचीच असे. विद्युलता मुद्दाम लवकर गेली, अक्का एकट्या सापडतील म्हणून. अक्का देवासमोर बसल्या होत्या. स्टँप पेपर आणि फॉर्म पाटावर ठेवलेले होते, आणि त्या ओल्या हळदीत बोट बुडवून प्रत्येक कागदाच्या चारी कोपऱ्यांना लावत होत्या.

"मंजळ लावल्याशिवाय आमच्याकडे कागद शाईला दाखवत नाहीत," त्या मान न वळवता म्हणाल्या. "लग्नपत्रिका असो, नाहीतर विजेचा अर्ज."

"अक्का, एक बोलायचं होतं."

"बोल की."

हळदीचं बोट फॉर्मच्या शेवटच्या कोपऱ्यावर टेकलं. नेमकी मागच्या नियमांची जागा असावी ती. कागदातून पिवळा डाग हळूहळू पलीकडे उमटत गेला.

"तो मागचा..." विद्युलताने सुरुवात केली.

तेवढ्यात बाहेरून बालाजीराव ओरडले, "जयंती, राममूर्ती आले! साडेचारला राहुकाळ लागतो, लौकर!"

"आले, आले!" अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मागून बोलू हं, विद्यू. आता राहुकाळाच्या आत होऊ दे. एकदा हळद लागली की थांबवायचं नसतं."

विद्युलताचा राहुकाळावर विश्वास नव्हता. सांगलीला तिच्या वडिलांनी अमावस्येला घरभरणी केली होती आणि सगळ्या नातेवाइकांना ते अभिमानाने सांगितलं होतं. त्या क्षणी मात्र तिने राहुकाळाचा आडोसा घेतला. आता यांची वेळ कशी मोडायची, हळद लागलेला कागद कसा मागे घ्यायला लावायचा, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि तेवढ्यात रत्नाकर येऊन सही करून मोकळा झाला. तिचं पेन नीट चाललं. राममूर्तींनी चष्मा कपाळावर चढवून साक्ष घातली आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही सगळं वाचलंय ना?"

"तिने अस्कं वाचलंय," तिच्या आधी अक्काच बोलल्या.

बालाजीरावांनी काळा चष्मा काढून, डोळे बारीक करून, आपलं लांबलचक नाव कागदाच्या कडेपर्यंत नेलं. अक्कांनी सगळ्यांना केळ्याचा शिरा दिला. विद्युलताने तो संपवला.

फॉर्म कंपनीच्या ऑफिसात नेऊन द्यायचं काम तिच्याकडे होतं. सोमवारी तो तिच्या पर्समध्ये होता, प्लॅस्टिकच्या पाकिटात, कडांना हळद.

प्रयोगशाळेत त्या दिवशी नवीन लागलेल्या मुलीने एक अहवाल तिच्यासमोर ठेवला. मुलीने नमुना स्वतःच तपासला होता आणि घाईघाईत 'पडताळणी'च्या चौकटीतही स्वतःचीच सही केली होती.

"हे चालत नाही," विद्युलता म्हणाली. "ज्याने काम केलं, त्याने पडताळायचं नाही."

"पण मॅडम, आकडे बरोबर आहेत."

"आकडे बरोबर असले तरी." मुलीने चुकलं म्हणून मान खाली घातली. विद्युलताने अहवाल तिच्या हातात परत दिला, बाहेर जिन्यात गेली आणि कंपनीला फोन लावला.

फोनवरची मुलगी चटपटीत होती. हो मॅडम, ट्रान्सफर मेंबरला रेड सीझन मिळतो, इफ अव्हेलेबल.

"मे महिन्यात उरतात खोल्या?"

मुलगी अगदी मोकळेपणी हसली. "मॅडम, मेमध्ये मूळ मेंबरच भांडतात आमच्याशी. तुम्हाला सप्टेंबर देऊ का? सप्टेंबर छान असतो. पाऊस असतो."

आता 'उरतील की' हे म्हणायलाही जागा राहिली नाही. विद्युलताने फोन ठेवला. त्या संध्याकाळी ती कंपनीच्या ऑफिसात गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फॉर्म दिला नाही म्हणजे अजून काही झालेलं नाही, असा तिने हिशेब बांधला. रत्नाकर रोज विचारी, "दिलास का?" आणि ती, "वेळच नाही झाला," म्हणे. हे मात्र सरळ खोटं होतं, आणि ते किती सहज निघतं याचं तिला नवल वाटे.

बुधवारी घरी परतताना अक्कांनी तिला दारातच पकडलं. "आत ये, आत ये, दाखवते." सोफ्यावर लोकरीच्या टोप्या पसरल्या होत्या. लाल, निळ्या, कान झाकणाऱ्या माकडटोप्या. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं आणि पंख्याचा वारा अंगाला चटके देत होता.

"टी. नगरला मिळाल्या. दुकानदार मला म्हणतो, मामी, चेन्नईत कुणासाठी? मी सांगितलं, आमची कोडाईला खोली आहे." अक्कांनी सगळ्यात मोठी टोपी उचलली. "ही जावयाची. घालेल की नाही गं? हे म्हणतात, एवढ्या मोठ्या इंजिनिअरला माकड करू नको."

"मी म्हटलं, डोकं मोठं आहे, चढणार नाही," आतून बालाजीराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा." मग आवाज खाली आणून अक्का म्हणाल्या, "विद्यू, काल श्रीदेवीचा फोन होता. तिच्या हातातून त्याने फोन घेतला. स्वतः. लग्न जाल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, 'अम्मा, मेमध्ये आम्ही सगळे येतो, माझी रजा टाकतो.'" त्यांनी टोपी छातीशी धरली. "आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, 'सावकाश टाका, खोली कुठे पळून जाते, आपलीच आहे.'"

विद्युलताने टोपीची लोकर चाचपून पाहिली. चांगली आहे, एवढंच ती म्हणाली. घरी येऊन तिने चपला काढल्या नाहीत. पर्समधलं पाकीट काढलं, आपल्या खात्याचं चेकबुक काढलं, सह्यांनंतर अण्णांनी रत्नाकरच्या खात्यात भरलेली रक्कम आपल्या चेकवर लिहिली, आणि पुन्हा समोरचं दार वाजवलं.

"काय राहिलं गं?" अक्कांच्या हातात अजून टोप्या होत्या.

"बसा, अक्का. अण्णा, तुम्हीही या."

तिने फॉर्म टेबलावर पालथा ठेवला आणि तो नियम वाचला. आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत, एकही शब्द न गाळता. नंतर फोनवरच्या मुलीने काय सांगितलं तेही. सप्टेंबरसकट.

बालाजीरावांनी फॉर्म उचलून डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे आम्ही वेटिंग लिस्टवर," ते म्हणाले.

"हो, अण्णा."

"आणि मेमध्ये वेटिंग लिस्ट काही कन्फर्म होत नाही." रेल्वेतल्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते खरंतर रागावलेले नव्हते. "बरं, वेळेवर कळलं. फॉर्म गेला नाही ना? मग काय बिघडलं? मूळ करारात हे नव्हतंच. तुला तरी कुठून कळणार! आज फोन केलास म्हणून..."

तिथे थांबता आलं असतं. अण्णांनी स्वतः दार उघडून दिलं होतं, तिने फक्त मान हलवायची होती. विद्युलताला ते दार अगदी स्पष्ट दिसलं.

"नाही, अण्णा. फोन सोमवारी केला. आणि हे पान मी शनिवारीच वाचलं होतं."

अक्का इतका वेळ टोप्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

"शनिवारी? मी मे विचारलं तेव्हा?"

"तुम्ही विचारलंत त्याच्या जरा आधी."

"आणि तू लाल म्हणालीस."

"हो."

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या पाहत राहिल्या. एखादा ओळखीचा शब्द अचानक वाचता येईनासा व्हावा, तसं.

विद्युलताने चेक टेबलावर ठेवला आणि घाईने बोलू लागली. आपण सौदा मोडू. सभासद आम्हीच राहू, मग लाल हंगाम आमचा राहील. मी मेचा आठवडा आमच्या नावावर घेते आणि तुम्ही सगळे पाहुणे म्हणून जा. कंपनीत तशी सोय आहे, मी विचारलंय. यंदाच नाही, दरवर्षी. बिल आम्ही भरू.

"हे चांगलं आहे," बालाजीराव म्हणाले. "जयंती, हे तर उलट स्वस्त."

"पाहुणे म्हणून," अक्का म्हणाल्या.

"कागदावर फक्त..."

"मी जावयाला सांगितलं, आमची खोली." त्यांचा आवाज शांत होता. "तिथे गेल्यावर काउंटरवरचा माणूस विचारेल, सभासद कोण? जावई सगळ्यांच्या पुढे उभा असेल. हे काय सांगतील? शेजारणीने दया केली?"

बालाजीरावांनी स्टँप पेपर देवाजवळून आणला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली 'रद्द' असं इंग्लिशमध्ये लिहिलं. ते कागद फाडणार होते, पण अक्कांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मंजळ लावलेला कागद फाडत नाहीत, असं त्या पुटपुटल्या आणि घडी करून पुन्हा देवाच्या पाटाखाली ठेवून आल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या. आतून कॉफी उंचावरून ओतल्याचा आवाज आला, नेहमीसारखा.

त्यांनी पेला विद्युलताच्या समोर ठेवला.

"कॉफी साप्पिडुंगो," त्या म्हणाल्या. कॉफी घ्या. तमिळमध्ये, आणि घे नव्हे, घ्या.

विद्युलताने मान वर केली. अक्कांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दारात आलेल्या विमा एजंटशी किंवा बँकेतल्या बाईशी बोलताना त्यांचा जो चेहरा असे, तो होता. नीट, व्यवस्थित, परका. बालाजीरावांनीही ते ऐकलं असावं, कारण त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

रत्नाकरने फाइल माळ्यावर टाकली. "बघ, शेवटी सांगितलंसच. सुटलीस की नाही?" तो म्हणाला.

मे आला. श्रीदेवी यंदाही कोइम्बतूरला गेली. जावयाला काय सांगितलं गेलं ते विद्युलताला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क तिला उरला नव्हता. कंपनीकडून त्यांच्या लाल आठवड्याचं स्मरणपत्र आलं. ती खोली त्या वर्षीही रिकामी राहिली असेल, किंवा कुणा भांडणाऱ्या मूळ सभासदाला मिळाली असेल.

तिने घरी डांगर पच्चडी करून पाहिली, उडदाच्या पिठाची दह्यातली, अक्कांनीच शिकवलेली, आणि वाटी घेऊन समोर गेली. अक्कांनी दार उघडलं.

"वांगो," त्या म्हणाल्या.

विद्युलताने वाक्य आधीच तयार करून नेलं होतं. हे मी केलं, चव बघा, मीठ कमी असेल तर सांगा, असं तमिळमध्ये. अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की क्रियापद चुकलं. तुम्ही सांगा म्हणायच्या ऐवजी ती तू सांग म्हणून गेली होती, थेट त्या भाजीवाल्याला म्हणायची तसं. ती थांबली. हसू दाबायला अक्कांचा हात पदराकडे जाईल, असं तिला एक क्षण वाटलं.

अक्कांनी दोन्ही हातांनी वाटी घेतली.

"सरी," त्या म्हणाल्या, आणि ती चूक त्यांनी तशीच राहू दिली.